समोर कोणीच नाही, तरी लढत



आज आधी एक चित्र डोळ्यांसमोर आणा. मोठं बंदिस्त स्टेडियम आहे. मधोमध आठ मीटर लांब आणि आठ मीटर रुंद मॅट अंथरलेली आहे. पांढऱ्या पोशाखातला एक खेळाडू एकटाच चालत येतो, कमरेत वाकून नमस्कार करतो, खणखणीत आवाजात एक नाव उच्चारतो आणि लढायला लागतो. ठोसा, अडवणूक, वळण, लाथ, क्षणभर थांबणं, पुन्हा हल्ला. दोन-तीन मिनिटांत सगळं संपतं. तो पुन्हा नमस्कार करतो आणि गुणांची वाट पाहत उभा राहतो.

या सगळ्या वेळात त्याच्या समोर कोणीच नसतं.

कराटेच्या या प्रकाराला 'काता' म्हणतात. तुमच्या घरातलं किंवा शेजारचं एखादं मूल कराटेला जात असेल, तर हा शब्द तुमच्या कानांवरून नक्की गेला असेल. 'आज नवीन काता शिकवला', 'बेल्टच्या परीक्षेला काता येतो' वगैरे. आमच्या हुणसूरसारख्या तालुक्याच्या गावातही संध्याकाळी पांढऱ्या कपड्यातली पोरं सायकलवरून क्लासला जाताना दिसतात. त्यांच्या आईवडिलांचा प्रश्न मात्र सगळीकडे एकच असतो : 'हे शिकून पुढे काय?'

प्रश्न चुकीचा नाही. फी आपल्या खिशातून जाते आणि संध्याकाळही आपलीच जाते. म्हणून आज आपण काता खेळणाऱ्या काही मोठ्या खेळाडूंची कारकीर्द पाहू. सुरुवात इंडोनेशियापासून करू, वाटेत स्पेन आणि जपानला जाऊ, आणि शेवटी मुंबई-अमरावतीवरून घरी परत येऊ.

काता म्हणजे नेमकं काय?

कराटेत दोन मुख्य स्पर्धा असतात. एक कुमिते, म्हणजे दोन खेळाडूंची प्रत्यक्ष लढत. दुसरी काता. काता म्हणजे ठरलेल्या हालचालींची ठरलेल्या क्रमाने बांधलेली साखळी. चारी बाजूंनी प्रतिस्पर्धी येत आहेत असं समजून खेळाडू ती सादर करतो. यातली प्रत्येक हालचाल कशासाठी तरी आहे. हा हात पकड सोडवण्यासाठी, हे वळण मागून येणाऱ्यासाठी, ही खाली बसकण तोल मोडण्यासाठी.

या साखळ्यांची मुळं जपानच्या दक्षिणेकडच्या ओकिनावा बेटांवर आहेत. चीनशी त्या बेटांचा जुना संबंध होता, त्यामुळे काही कातांची नावं चिनी माणसांवरून पडली आहेत. छापील पुस्तकं नव्हती तेव्हा गुरू आपली विद्या या साखळीत बांधून ठेवायचा आणि शिष्य ती अंगात साठवायचा. 1922 मध्ये गिचिन फुनाकोशी यांनी ओकिनावाहून टोकियोला जाऊन कराटेचं प्रात्यक्षिक दाखवलं आणि नंतर ही विद्या जपानभर, पुढे जगभर पसरली.

मल्लखांब पाहिलेल्या मराठी माणसाला काता समजायला वेळ लागत नाही. मल्लखांब हा मुळात मल्लाच्या सरावाचा खांब. दुसऱ्या बाजीराव पेशव्यांच्या काळात बाळंभट्टदादा देवधरांनी त्याला नवं रूप दिलं आणि पुढे तो स्वतःच एक खेळ झाला. खांब परत वार करत नाही. तरी त्यावर चढलेल्या पोराची पकड, तोल आणि सफाई पाहून जाणकार लगेच सांगतो की याचा सराव किती आहे. कातातही तेच. एकट्याने करायचा सराव इथे स्पर्धा झाला आहे.

जकार्तातलं कांस्यपदक

2018 च्या आशियाई खेळांचं यजमानपद इंडोनेशियाकडे होतं. जकार्ता आणि पालेम्बांग या दोन शहरांत ते झाले. इंडोनेशियाने तेव्हा 31 सुवर्णपदकांसह चौथा क्रमांक मिळवला. त्यांतली 14 सुवर्णपदकं एकट्या 'पेंचाक सिलात' या त्यांच्या देशी युद्धकलेतली होती. म्हणजे अंगातल्या शिस्तबद्ध हालचालींकडे कौतुकाने पाहणारा तो समाज आहे. पेंचाक सिलातमध्येही लढतींबरोबर एकट्याने, जोडीने आणि तिघांनी मिळून सादर करायचे प्रकार आहेत.

त्याच खेळांत कराटेच्या पुरुषांच्या काता प्रकारात इंडोनेशियाचा अहमद झिगी झारेस्ता युदा उतरला होता. त्या गटात जपानचा रियो कियुना होता. तोपर्यंत दोनदा जगज्जेता झालेला हा खेळाडू त्या काळात जवळजवळ अजिंक्य मानला जायचा. सुवर्ण त्यालाच मिळालं, रौप्य तैवानच्या वांग यी-ता याला. झिगी आणि दक्षिण कोरियाचा पार्क ही-जून यांना कांस्यपदकं मिळाली.

दोन कांस्यपदकं कशी, असं वाटलं का? कुस्तीतही असंच असतं. 2016 च्या रिओ ऑलिम्पिकमध्ये साक्षी मलिक आधी हरली होती. तिला हरवणारी खेळाडू अंतिम फेरीत गेली, म्हणून साक्षीला दुसरी संधी मिळाली आणि तिने कांस्य जिंकलं. कराटेतही हीच 'रेपेचाज' पद्धत आहे. तिची एक बाजू फारशी बोलली जात नाही. रौप्यपदक जिंकणारा आपली शेवटची लढत हरलेला असतो, आणि कांस्यपदक जिंकणारा आपली शेवटची लढत जिंकून बाहेर पडतो. सुवर्णाची आशा संपल्यावर पुन्हा मन गोळा करून, घरच्या प्रेक्षकांसमोर पुन्हा त्या रिकाम्या मॅटवर उभं राहायचं, हे काही सोपं काम नाही.

आता पैशांचं बोलू, कारण आईवडिलांच्या मनात तोही प्रश्न असतोच. इंडोनेशिया सरकारने त्या वर्षी वैयक्तिक सुवर्णाला 150 कोटी आणि वैयक्तिक कांस्याला 25 कोटी रुपिया जाहीर केले होते. आकडा ऐकून डोळे विस्फारू नका! त्यांचा रुपिया आपल्या रुपयापेक्षा खूप हलका आहे. तेव्हाच्या दराने कांस्याचे साधारण 12 लाख आणि सुवर्णाचे साधारण 70 लाख रुपये होतात. शिवाय पदकविजेत्यांना सरकारी नोकरीही देऊ केली होती. म्हणजे तिथेही खेळाडूच्या घरी 'पुढे काय' हा प्रश्न असतो, आणि सरकारने त्याला आपल्या परीने उत्तर दिलं.

पण हे उत्तर कोणाला मिळालं? देशातून निवड झालेल्या आणि त्यातही पदक मिळालेल्या मोजक्यांना. त्यांच्यामागे गावातल्या, जिल्ह्यातल्या आणि प्रांतातल्या स्पर्धांमधून बाहेर पडलेली असंख्य पोरं असतात. इंडोनेशियात दर चार वर्षांनी 'पोन' नावाचा राष्ट्रीय क्रीडामहोत्सव होतो, त्यात प्रांत एकमेकांविरुद्ध खेळतात. आपल्याकडे जिल्हा, राज्य, राष्ट्रीय अशा पायऱ्या आहेत. पायऱ्या दोन्हीकडे सारख्याच, आणि वर जागा कमी हेही दोन्हीकडे सारखंच.

0.18 गुणांचं अंतर

कातात हरजीत ठरते कशी, हे समजून घेतलं की या खेळाडूंच्या आयुष्यातली अनिश्चितता कळते.

जकार्तात जुनी पद्धत होती. एकाचा पट्टा लाल, दुसऱ्याचा निळा. दोघांचे काता झाले की पाच पंच एकदम झेंडे वर करायचे. लाल जास्त तर लाल जिंकला. कुठे कमी पडलो हे त्या झेंड्यांवरून कळत नसे.

2019 पासून गुण आले. सात पंच प्रत्येकी दोन गुण द्यायचे. एक तंत्राचा : उभं राहण्याची ढब, हालचालींची अचूकता, वेळ, श्वास आणि शेवटच्या क्षणी सगळी ताकद एकवटणं. दुसरा शारीरिक क्षमतेचा : ताकद, वेग, तोल. गुण 5 ते 10 च्या दरम्यान, 0.2 च्या पायरीने. त्यांतले सर्वांत जास्त दोन आणि सर्वांत कमी दोन काढून टाकायचे, म्हणजे कोणा एका पंचाच्या आवडीनिवडीने निकाल फिरत नाही. उरलेल्या तिघांच्या तांत्रिक गुणांना 70 टक्के आणि शारीरिक गुणांना 30 टक्के वजन. एकूण 30 पैकी.

याच पद्धतीने टोकियो ऑलिम्पिकमध्ये काता खेळला गेला. कोरोनामुळे ते खेळ 2021 च्या उन्हाळ्यात झाले. महिलांच्या अंतिम फेरीत स्पेनची सांद्रा सांचेझ आणि जपानची कियोऊ शिमिझू समोरासमोर होत्या. 'समोरासमोर' म्हणायचं इतकंच, प्रत्यक्षात एकीनंतर एक. दोघींनी एकच काता निवडला होता, 'चातान्यारा कुशांकू'. त्याच हालचाली, तोच क्रम. सांचेझला मिळाले 28.06 आणि शिमिझूला 27.88. फरक 0.18.

थोडा हिशेब करू. उरलेल्या तीन पंचांपैकी एकाचा तांत्रिक गुण एका पायरीने वाढला की एकूण 0.14 वाढतात. म्हणजे दोन पंचांचं मत एकेका पायरीने सरकलं असतं, तर सुवर्ण शिमिझूचं होतं. शिमिझू 2014 आणि 2016 ची जगज्जेती, स्वतःच्या देशात खेळत होती. लहानपणापासूनचा सराव आणि एवढंसं अंतर.

शालेय परीक्षेत अर्ध्या गुणाने नंबर हुकला म्हणून रडणारं मूल तुमच्या घरात असेल तर त्याला हा हिशेब नक्की दाखवा. त्यामुळे दुःख कमी होईलच असं नाही. पण अर्धा गुण म्हणजे आपली सगळी लायकी नव्हे, एवढं कळेल.

उशीर झालेली सांद्रा, गुरूच्या वाटेवरचा रियो

सांद्रा सांचेझने सुवर्ण जिंकलं तेव्हा ती 39 वर्षांची होती. खेळाडू ज्या वयात निवृत्त होऊन शिकवायला लागतात, ते हे वय!

तिची वाट सरळ नव्हती. तालावेरा दे ला रेना या स्पेनमधल्या गावात तिने अगदी लहानपणी, चार वर्षांची असताना कराटे सुरू केलं. पुढे आईला कर्करोग झाला, तेव्हा ती आईजवळ राहण्यासाठी घरी परतली. ज्या वयात राष्ट्रीय संघात जागा पक्की करायची, ती वर्षं अशी गेली. संघात तिने पाय रोवला तो वयाची तिशी उलटल्यावर. 2015 मध्ये, 33 व्या वर्षी, ती पहिल्यांदा युरोपची विजेती झाली. 2018 मध्ये माद्रिदला जगज्जेती झाली, तीही शिमिझूलाच हरवून. आणि मग टोकियो.

आपल्याकडे बारावीनंतर खेळ सुटला की 'संपलं सगळं' असं धरतात. लग्न झालं, मूल झालं, घरात आजारपण आलं की बाईचा खेळ तर कायमचाच सुटतो. सांद्राने घरच्या माणसाला वेळ दिला आणि खेळही सोडला नाही. कातात हे थोडं जास्त शक्य होतं, कारण इथे समोरच्याचे ठोसे अंगावर घ्यायचे नसतात आणि वर्षांच्या सरावाने येणारी जाण गुणांत उतरते. तिला काही सवलत मिळाली नव्हती, तिच्यापेक्षा कितीतरी लहान मुलींबरोबर त्याच नियमांनी ती खेळली.

पुरुषांचं सुवर्ण रियो कियुनाने जिंकलं, 28.72 गुण मिळवून. जकार्तात झिगीच्या गटात होता, तोच हा. त्याची वाट सांद्राच्या अगदी उलट. तो ओकिनावाचा, म्हणजे जिथे कराटे जन्मलं तिथलाच. त्याचे गुरू त्सुगुओ साकुमोतो हे स्वतः 1984, 1986 आणि 1988 चे काताचे जगज्जेते. शिष्य 2014, 2016, 2018 आणि 2021 असा चार वेळा जगज्जेता झाला. ओकिनावाला ऑलिम्पिकचं पहिलं सुवर्ण त्याने मिळवून दिलं, तेही कराटेतच.

पदक घ्यायला तो व्यासपीठावर चढला तेव्हा त्याच्या हातात एक फोटो होता. त्याच्या आईचा. 2019 मध्ये ती गेली होती. ऑलिम्पिक एक वर्ष लांबलं म्हणून सगळं जग हळहळत होतं, पण त्याच्यासाठी ते मूळ तारखेला झालं असतं तरी आईने पाहिलं नसतं.

दार उघडलं आणि मिटलं

आता कातातल्या खेळाडूंच्या आयुष्यातली सर्वांत कठीण गोष्ट. टोकियोत कराटे पहिल्यांदा ऑलिम्पिकमध्ये आलं. पॅरिस 2024 साठी ते वगळलं गेलं, त्या वेळी 'ब्रेकिंग' हा नृत्यप्रकार आत आला. 2028 च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकसाठी नऊ खेळांची छोटी यादी तयार झाली, तिच्यात कराटे होतं. निर्णय झाला ऑक्टोबर 2023 मध्ये, आपल्या मुंबईत. आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीचं अधिवेशन तिथे भरलं होतं.

तो दिवस आपण कसा साजरा केला, आठवतंय? क्रिकेट ऑलिम्पिकमध्ये आलं म्हणून! क्रिकेटबरोबर स्क्वॉश, बेसबॉल-सॉफ्टबॉल, लॅक्रोस आणि फ्लॅग फुटबॉलही आले. कराटे बाहेर राहिलं. आपल्या घरात टाळ्या वाजत होत्या, त्याच वेळी जगातल्या कितीतरी घरांत पांढरा पोशाख घडी करून ठेवणाऱ्या एखाद्या मुलीचं ऑलिम्पिकचं स्वप्न संपलं. तिची काहीच चूक नव्हती. तिचा काता काल होता तितकाच आज चांगला होता.

मराठी माणसाला ही गोष्ट अनोळखी नसावी. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने 1936 च्या बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी तिथे भारतीय खेळांची प्रात्यक्षिकं करून दाखवली होती. कबड्डीला आशियाई खेळांत पदकाचा दर्जा मिळायला त्यानंतर 1990 साल उजाडलं. मल्लखांबाची पहिली जागतिक स्पर्धा मुंबईत शिवाजी पार्कला झाली ती फेब्रुवारी 2019 मध्ये. मल्लखांबासाठी आयुष्य घालवणाऱ्या उदय देशपांडे यांना 2024 मध्ये पद्मश्री मिळाली. ऑलिम्पिकमध्ये कबड्डी नाही आणि मल्लखांबही नाही. पण म्हणून दादरच्या श्री समर्थ व्यायाम मंदिरात खांबाला तेल लावायचं कोणी थांबलं नाही.

कराटेची इतर मोठी दारं उघडी आहेत. आशियाई खेळांत ते 1994 पासून आहे. दक्षिण-पूर्व आशियाच्या खेळांत आहे, जागतिक अजिंक्यपद आहे, आपल्या शालेय स्पर्धांमध्ये आहे. झिगीसारख्या खेळाडूंच्या कारकिर्दी याच स्पर्धांवर उभ्या असतात. फक्त ऑलिम्पिक हेच एकमेव शिखर धरलं, तर या सगळ्यांचं आयुष्य वाया गेलं असं म्हणावं लागेल, आणि ते कोणालाच पटणार नाही.

मग आपल्या मुलांचं काय?

हे सगळं वाचून तुम्ही म्हणाल, पंचांचं मत आपल्या हातात नाही, ऑलिम्पिक आपल्या हातात नाही, नोकरीची खात्री नाही. मग मुलाला पाठवायचं कशाला?

माझं उत्तर असं. कातात जे मुलाच्या हातात असतं, ते पूर्णपणे त्याचंच असतं. त्याला जोडीदार लागत नाही, जाळी लागत नाही, टर्फ लागत नाही. गच्चीवर, अंगणात, दोन खाटा सरकवून केलेल्या जागेत सराव होतो. मोठ्या शहरातल्या मुलाला जो काता येतो तोच हुणसूरच्या किंवा हुपरीच्या मुलाला येतो, हालचाली त्याच असतात. छोट्या गावातल्या मुलांना इतकी समान संधी देणारे खेळ फार नाहीत. वरच्या स्पर्धांना प्रवास, प्रवेश फी, पोशाख हा खर्च येतो, तो लपवण्यात अर्थ नाही. पण शिकण्याचा पाया फुकट घालता येतो.

फक्त क्लास निवडताना डोळे उघडे ठेवा. काही गोष्टी सांगते.

पहिली, संघटनेची चौकशी करा. आपल्याकडे कराटेच्या संघटना बऱ्याच आहेत आणि त्यांचे वादही बरेच आहेत. 2020 मध्ये तर जागतिक कराटे महासंघाने भारतातल्या तेव्हाच्या राष्ट्रीय संघटनेची मान्यता तात्पुरती काढून घेतली होती. त्यामुळे 'नॅशनल' किंवा 'इंटरनॅशनल' असं सोनेरी अक्षरांत छापलेलं प्रमाणपत्र हातात आलं, की ती स्पर्धा कोणाच्या मान्यतेने झाली हे विचारा. विचारल्यावर राग येणारे सर असतील, तर तेही एक उत्तरच आहे.

दुसरी, बेल्ट आणि खेळ वेगळे आहेत. पांढऱ्यावरून पिवळा, पिवळ्यावरून नारिंगी, हे छान वाटतं, फोटोही छान येतो. पण दर तीन महिन्यांनी परीक्षा आणि दर परीक्षेला फी, आणि मुलाला आधीचा काता धड येत नाही, असं असेल तर थांबा. एकच काता महिनोन्‌महिने चालला आहे म्हणून मात्र तक्रार करू नका. वरच्या पातळीवर खेळाडू एकेका कातावर वर्षं घालवतात.

तिसरी, मुलींच्या आईवडिलांसाठी. कर्नाटकात सरकारी वसतिशाळांमधल्या मुलींना ओबव्वाच्या नावाने स्वसंरक्षणाचं शिक्षण देण्याची योजना आहे. हातातल्या मुसळाने चित्रदुर्गचा किल्ला राखणारी ती ओबव्वा! तिचं नाव योग्यच आहे. पण नुसता काता आला म्हणजे मुलगी सुरक्षित झाली, असं समजू नका. कातातून तोल, ताकद आणि आवाज येतो. पकड सोडवणं, पळून जाणं, मदत मागणं याचा सराव जोडीने, वेगळा करावा लागतो. तो क्लासमध्ये होतो का, ते पाहा.

चौथी गोष्ट आजी-आजोबांसाठीसुद्धा. मूल घरी काता करून दाखवत असेल तर मोबाईल बाजूला ठेवून पाहा. समोर कोणी नसताना लढायचं शिकणाऱ्या मुलाला पाहणारं कोणीतरी लागतं. मूल म्हणालं तर व्हिडिओ काढा आणि त्यालाच दाखवा. गुडघा कुठे कमी वाकला, नजर कुठे हलली, ते त्याला स्वतःला दिसेल. तो व्हिडिओ नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकायचा की नाही, हे त्याला विचारून ठरवा.

आणि क्लासहून आल्यावर 'कोण पहिला आला?' याऐवजी 'आज कुठली हालचाल जमली?' असं विचारून पाहा. पहिल्या प्रश्नाचं उत्तर पंचांकडे असतं, दुसऱ्याचं तुमच्या मुलाकडे.

तुमच्या घरात कोणी काता शिकतंय का? किंवा तुम्ही स्वतः लहानपणी शिकून मध्येच सोडला होता का? कुठला काता अजून आठवतो, तो करताना घरातलं कोण हसतं आणि कोण टाळ्या वाजवतं, तेही कळवा. सांद्राचं वय लक्षात ठेवा, पुन्हा सुरुवात करायला उशीर झालेला नाही!

पुढच्या भागात भेटू, नव्या खेळासह.